माळ थांबू देऊ नका



ऑक्टोबर हा रोजरीचा महिना. ७ तारखेला आपण जपमाळेच्या राणीचा सण साजरा करतो. संध्याकाळी घराघरांत मरियामातेपुढे मेणबत्ती लागते, लहानथोर गुडघे टेकतात आणि माळ सुरू होते. पण ह्याच महिन्यात एक तक्रारही कानावर येते. "फादर, माळ हातात असते, पण मन बाजारात फिरत असते." "पूर्वी मरियामातेपुढे बसले की डोळे भरून यायचे, आता काहीच वाटत नाही. भिंतीशी बोलल्यासारखे वाटते." कोणी नवऱ्याचे पिणे सुटावे म्हणून वर्षानुवर्षे रोजरी म्हणत आहे, कोणी आजारी मुलासाठी म्हणत आहे, आणि उत्तर मिळालेले नाही. शेवटी सर्वांचा प्रश्न एकच असतो. मन लागत नसताना नुसत्या ओठांनी म्हटलेली प्रार्थना म्हणजे ढोंग तर नव्हे? त्यापेक्षा सोडून दिलेली काय वाईट?

हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नाही. अनेक चांगली माणसे नेमकी ह्याच वळणावर प्रार्थना सोडतात. पापामुळे नव्हे, कंटाळ्यामुळे. म्हणून आज ह्या प्रश्नावर आपण थोडा विचार करू या.

संत तेरेजेची बाग

ह्या महिन्याच्या १५ तारखेला आविलाच्या संत तेरेजेचा सण येतो. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडित म्हणून घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. प्रार्थनेवर अधिकाराने लिहिणाऱ्या ह्या संतिणीने स्वतः सुमारे १८ वर्षे प्रार्थनेतला कोरडेपणा सोसला होता. प्रार्थनेला बसले की तास केव्हा संपेल आणि घड्याळाचा टोला केव्हा पडेल ह्याकडेच आपले लक्ष असे, हे तिने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. एकदा तर वर्षाहून अधिक काळ तिने मनन-प्रार्थना सोडूनही दिली होती. पुढे तिने त्यालाच आपल्या आयुष्यातला मोठा मोह म्हटले.

हीच तेरेजा प्रार्थनेला बागेची उपमा देते. बागेला पाणी देण्याच्या चार रीती ती सांगते. पहिली, विहिरीतून हाताने पाणी शेंदायचे. दुसरी, रहाटाने काढायचे. तिसरी, ओढ्याचे पाणी वळवून आणायचे. आणि चौथी, पाऊस. पहिल्या रीतीत कष्ट सर्वात जास्त, चौथीत माणसाला काहीच करावे लागत नाही, सारे देव करतो.

वसईच्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. आपल्या वाडवडिलांनी केळी, पानवेली आणि फुलझाडे रहाटाच्या पाण्यावरच जगवली. बावखलावर रहाट बसवलेला असे, बैल किंवा रेडा गोल फिरत असे आणि गाडग्यांची माळ खाली-वर होत असे. आपण तिलाही माळच म्हणत होतो, हे ध्यानात घ्या. गाडगे रिकामे खाली जाते आणि भरून वर येते. एका गाडग्यात किती पाणी मावणार? तांब्या-दोन तांब्या. पण माळ फिरत राहिली की पाटाला पाणी लागते आणि शेवटच्या केळीपर्यंत पोहोचते. रोजरीचा एकेक मणी असाच आहे. एका 'नमो मरिया'ने मन भिजत नाही म्हणून माळ खाली ठेवू नये.

पण विहीरच कोरडी पडली तर? तेरेजेने ह्याचाही विचार केला आहे. तिचे म्हणणे असे की, माळ्याने आपले काम करावे, विहिरीवर जावे, पोहरा सोडावा. पाणी लागले नाही तरी बागेचा खरा धनी देव आहे. तो पाण्यावाचूनही फुले जगवतो आणि सद्गुण वाढवतो. म्हणजे कोरड्या दिवसांत प्रार्थनेची गोडी वाढत नसेल, पण त्याच दिवसांत आपला संयम वाढला का, सुनेशी बोलताना जीभ आवरली का, शेजाऱ्याला क्षमा केली का, हे पाहावे. फूल तिथे दिसते.

वाटणे आणि इच्छिणे

आता त्या ढोंगाच्या प्रश्नाकडे येऊ. जे मनात नाही ते आहे असे लोकांना दाखवणे म्हणजे ढोंग. पण जो माणूस गोडी नसतानाही देवासाठी गुडघे टेकतो, तो कोणाला काय दाखवतो? त्याला काही वाटत नसेल, पण त्याची इच्छा देवाकडेच आहे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, भक्ती ही मुळात भावना नसून इच्छाशक्तीची कृती आहे. देवाच्या सेवेसाठी स्वतःला तत्परतेने देणे म्हणजे भक्ती. डोळ्यांत पाणी येणे ही देणगी आहे. आली तर आभार मानावेत, नाही आली तर भक्ती संपली असे समजू नये. तापाने फणफणलेल्या बाळाजवळ रात्रभर जागणाऱ्या आईला पहाटे चार वाजता प्रेमाचे भरते आलेले नसते, तिला झोप आलेली असते. तरी ती उठून जात नाही. ते प्रेम नव्हे असे कोण म्हणेल?

मन भटकते त्याबद्दलही संत थॉमस यांचे उत्तर दिलासा देणारे आहे. देवाची उपासना करण्याच्या हेतूने आपण सुरुवात केली असेल, तर पुढे नकळत मन भटकले तरी त्या पहिल्या हेतूमुळे प्रार्थनेचे मोल राहते. मात्र जाणूनबुजून मनाला बाहेर मोकळे सोडणे वेगळे. गाठ सुटली की पुन्हा बांधावी, एवढेच आपले काम.

तरीही कोरडेपणा आला की स्वतःची तपासणी करणे आवश्यक आहे. लोयोलाचे संत इग्नेशियस त्याची तीन कारणे सांगतात. कधी आपलाच आळस आणि हयगय कारण असते. मग पश्चात्ताप करून प्रायश्चित्त संस्कार घ्यावा. कधी देव पारख करतो की, गोडी काढून घेतली तर हा माणूस किती पुढे येतो. आणि कधी तो शिकवतो की सांत्वन ही आपली कमाई नव्हे, ती कृपा आहे. आणखी एक गोष्ट आम्ही धर्मगुरू म्हणून सांगू इच्छितो. महिनोन्महिने झोप लागत नसेल, अन्न गोड लागत नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर त्याला केवळ प्रार्थनेतला कोरडेपणा समजू नका. तो आजार असू शकतो. डॉक्टरांकडे जाण्याने श्रद्धा कमी होत नाही.

मरियेनेही वाट पाहिली

पण ह्या दिवसांत मरियामातेकडेच का जावे? कारण ती ही वाट चालून गेली आहे. आपण तिला मुकुट घातलेली पाहतो आणि तिचे सारे आयुष्य देवदूतांच्या सहवासात गेले असे समजतो. शुभवर्तमान नीट वाचले तर वेगळेच चित्र दिसते. नाझरेथला गाब्रिएल दूत आला, मरियेने होकार दिला आणि दूत निघून गेला. त्यानंतर तो पुन्हा तिच्याकडे आल्याची नोंद नाही. इजिप्तला पळून जाण्याचा निरोपही योसेफाला स्वप्नात मिळाला. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा त्याचे बोलणे आईवडिलांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. मरियेने ते न समजलेले शब्द अंतःकरणात जपून ठेवले. पुढे नाझरेथमधली कित्येक वर्षे पाणी भरणे, दळण, स्वयंपाक ह्यांतच गेली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ साली मरियामातेवर लिहिलेल्या परिपत्रकात तिच्या ह्या श्रद्धेच्या रात्रीचा उल्लेख केला आहे.

आणि शेवटी क्रूस. मरिया तिथे उभी होती. तिचा पुत्र क्रुसावरून खाली आला तो मृत होऊनच. म्हणून जी माता वर्षानुवर्षे माळ ओढूनही घरात तेच दुःख पाहते, तिला आपण "देव लवकरच देईल" असे घाईने सांगू नये. तो केव्हा आणि कसे देईल हे आपल्याला ठाऊक नाही. पण एवढे ठाऊक आहे की, अनुत्तरित दुःखाजवळ उभे कसे राहावे हे मरियेला माहीत आहे, आणि ती आपल्या शेजारी उभी आहे. रोजरी म्हणजे मरियेच्या डोळ्यांनी येशूकडे पाहणे. आपले डोळे कोरडे झाले की तिचे उसने घ्यावेत.

दोन साक्षी

१ ऑक्टोबरला जिचा सण असतो त्या लिझ्यूच्या संत तेरेजेला एकटीने रोजरी म्हणणे फार जड जात असे. कितीही प्रयत्न केला तरी तिचे लक्ष लागत नसे. ह्याचे तिला बरेच दिवस वाईट वाटले. मग तिने स्वतःची समजूत घातली की स्वर्गाची राणी माझी आई आहे, तिला माझी सदिच्छा दिसते आणि ती त्यावर समाधानी आहे. मन अगदीच कोरडे असले की ती 'आमच्या स्वर्गीय बापा' आणि 'नमो मरिया' अगदी सावकाश म्हणत असे. १८९६ च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ रोजी मरण येईपर्यंत ती श्रद्धेच्या अंधारातून गेली, पण तिने हात सोडला नाही.

तिचेच नाव घेतलेल्या कोलकात्याच्या मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या प्रवासात गरिबांच्या सेवेचे पाचारण झाले. त्यांनी काम सुरू केले आणि त्यांच्या अंतर्यामी अंधार पसरला. मधला अल्पसा काळ सोडला तर जवळजवळ ५० वर्षे तो राहिला. २००७ साली त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला हे कळले. तोवर लोकांनी पाहिले होते ते त्यांचे हसू आणि हातातली माळ. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

आपण काय करावे?

वेळ ठरवा आणि ती पाळा. मन लागत नाही म्हणून प्रार्थना आखडती घेऊ नका. संत इग्नेशियस तर अशा वेळी ठरल्याहून थोडे अधिक थांबायला सांगतात. एक 'नमो मरिया' जास्त म्हणा. कामावरून दमून आलात आणि पाच रहस्ये होत नसतील, तर एक रहस्य म्हणा, पण रोज म्हणा. मन ज्या गोष्टीकडे पळाले, तीच पुढच्या मण्यात घाला: विजेचे बिल, मुलीची परीक्षा, बांधावरून झालेले भांडण. आपल्याला काही वाटत नाही हेसुद्धा मरियामातेला सांगा, तीही प्रार्थनाच आहे. आणि रविवारची मिस्सा चुकवू नका, कारण मरिया आपल्याला नेते ती शेवटी आपल्या पुत्राकडेच.

प्रभू स्वर्गात गेल्यावर प्रेषित माडीवरच्या खोलीत प्रार्थना करीत थांबले होते. मरिया त्यांच्यात होती. पवित्र आत्मा केव्हा येणार ह्याची तारीख त्यांना दिलेली नव्हती. ते थांबले आणि पाऊस आला. पाऊस पाडणे आपल्या हातात नाही, पण तो येईपर्यंत रहाट चालू ठेवणे आपल्या हातात आहे.

हे मरियामाते, आमची विहीर कोरडी आहे. तरी आम्ही आलो आहोत. आमचे रिकामे मणी तू हाती घे आणि तुझ्या पुत्राला दे. तो देईल तेव्हा आणि तो देईल तेवढे पाणी आम्हाला पुरे. आमेन.