कान्होबाचा हिस्सा

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हा प्रसंग कीर्तनात आला की मंडप डोलायला लागतो. मी मात्र दर वेळी एकाच तपशिलापाशी अडतो. बुडवली ती निम्मीच. घरच्या सावकारीची खतं दोघा भावांची होती. धाकट्या कान्होबाला संसार चालवायचा होता, म्हणून दोन वाटे झाले. कान्होबाचा वाटा कान्होबाकडे राहिला, तुकोबांचा नदीत गेला.

सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी ३१ वर्षं गेली. त्यामुळे असेल, पण या प्रसंगातली वाटणी मला आधी दिसते आणि वैराग्य नंतर.

भांडवलशाही उताराला लागली, आता पुढे काय, यावर सध्या खूप लिहिलं जातं. ग्रीसचे माजी अर्थमंत्री यानिस वारुफाकिस तर म्हणतात की ती मेलीसुद्धा. तिच्या जागी बड्या कंपन्यांची डिजिटल जहागिरी आली आणि आपण तिथली कुळं झालो. आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला ॲपला किती पैसे मोजतो ते ऐकलं की ‘कूळ’ हा शब्द पटतो. पण माझी झेप वहीच्या पानाएवढी. मला ही व्यवस्था एका आकड्यात दिसते. सरकारं, कंपन्या, बँका आणि घरं मिळून जगावर ३०० लाख कोटी डॉलरच्या वर कर्ज आहे, म्हणजे जगाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या तिपटीहून अधिक. जे अजून कुणी पिकवलेलं नाही, घडवलेलं नाही, त्यावर आधीच कुणाचं तरी नाव लागलं आहे. अर्थात एकाचं नावे ते दुसऱ्याचं जमा. खरा पेच तिथेच आहे, त्याकडे येतो.

विसाव्या शतकाने एकच प्रश्न लावून धरला: मालक कोण? रशियाने मालक हटवून सरकार बसवलं. गांधींनी मालकाला विश्वस्त व्हायला सांगितलं. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती, विमा आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी घटनेतच तरतूद मागितली. आणि १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यालाच साखर कारखान्याचा मालक केलं. या शेवटच्या उत्तरात मी नोकरी केली. त्याने अख्ख्या पट्ट्याचा चेहरा बदलला, शाळा आल्या, दवाखाने आले. ते नाकारणारा करंटा. पण वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून हात वर करणाऱ्या त्याच मालकाच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, सोसायटीचा बोजा तसाच असायचा. कारखान्याचा मालक आणि सोसायटीचा थकबाकीदार हा एकच माणूस. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की त्याची मालकी कुठे जायची, देव जाणे.

माझे वडील शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी किराणा दुकान चालवत. ७२ च्या दुष्काळात गाव खडी फोडायला गेलं, रेशनवर तांबडा मिलो आला, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. त्या वर्षी वडिलांची उधारीची लाल वही फुगत गेली. दुकानदाराची रीत अशी, की पाडव्याला नवी वही घालायची आणि जुनी बाकी पुढे ओढायची. दोन वर्षांनी पीक बरं आलं. त्या पाडव्याला वडिलांनी नव्या वहीवर ‘श्री’ काढला, हळदकुंकू वाहिलं, आणि जुनी बाकी ओढलीच नाही. कुणाला सांगितलंही नाही. जुनी वही माळ्यावर गेली. आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘अहो, पण घाऊकवाल्याचं काय?’ नगरच्या घाऊक व्यापाऱ्याचं देणं वडिलांनी पुढे पाच वर्षं हप्त्याने फेडलं, पैन् पै. माझं इंजिनिअरिंग त्या हप्त्यांत गेलं. मी बी. कॉम. झालो आणि बरीच वर्षं त्यांच्यावर धुमसत राहिलो.

आमच्या तालुक्याचं कर्जाच्या कागदांशी वैर जुनं आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हा इथल्या कापसाला भाव चढला, सावकारांनी हात सैल सोडून उचल दिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यात सरकारने सारा वाढवला. कुठल्या तरी समुद्रापलीकडचा बाजार पडला आणि भीमाकाठचा कुणबी बुडाला. १८७४ च्या डिसेंबरात करड्याच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. लोकांना हवे होते कागद. सावकाराने खतं निमूट दिली तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. खतांची होळी झाली आणि लोक घरी गेले. सरकारलाही ते कळलं असावं. १८७९ च्या कायद्याने खतावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ व्यवहार काय झाला हे पाहायची मुभा कोर्टाला दिली.

हे शहाणपण त्याहून कितीतरी जुनं. दामदुपट हा आपला शब्द: व्याज मुद्दलाच्या वर एका वेळी वसूल करायचं नाही. मनुस्मृतीत हा नियम आहे आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी तो हिंदू ऋणकोंसाठी पाळला. बॅबिलोनचा अम्मिसदुका साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी फर्मान काढून प्रजेची कर्जं रद्द करत होता. यहुद्यांच्या धर्मग्रंथात दर सातव्या वर्षी कर्ज सोडायचं आणि पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. कुराण सांगतं, ऋणको अडचणीत असेल तर सवड द्या, सोडून दिलंत तर अधिक चांगलं. एरवी कशावरही एकमत नसलेल्या इतक्या धर्मांनी या एका बाबीत मान डोलवावी, याचं कारण मला फार गूढ वाटत नाही. व्याज चक्रवाढीने वाढतं. ज्वारी चक्रवाढीने पिकत नाही.

भांडवलशाहीला माफी ठाऊक नाही असं कुणी म्हटलं तर मात्र मी हरकत घेईन. ठाऊक आहे, चांगली ठाऊक आहे. मर्यादित दायित्वाचा कायदा इंग्लंडने १८५५ मध्येच केला. कंपनी बुडाली तर भागधारकाचे भागापुरते पैसे जातात, घर वाचतं. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत बँका बड्या थकबाकीवर पाणी सोडतात, त्याला ‘हेअरकट’ म्हणतात. शेतकऱ्याचं सुटलं तर त्याला कर्जमाफी म्हणतात. माफी गुन्ह्याला असते. न्हाव्याच्या खुर्चीतून माणूस तरतरीत होऊन उठतो, माफी घेणारा खाली मान घालून फोटोला उभा राहतो. व्यवस्थेने कुणाला काय मानलं आहे ते या दोन शब्दांत आलं.

मग सगळ्यांचंच बुडवावं का? इथे कान्होबा आडवा येतो. एका पतसंस्थेच्या तपासणीला मी गेलो होतो. संचालकांनी सग्यासोयऱ्यांना विनातारण कर्जं वाटली होती आणि संस्थेने ठेवी द्यायचं थांबवलं होतं. काउंटरच्या गजांना धरून एक बाई उभी असायची. प्लास्टिकच्या पिशवीत मुदत ठेवीची पावती, नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीची. मी सात दिवस तपासणीला होतो, सातही दिवस ती आली. संचालकांच्या पाहुण्यांची कर्जं बुडाली ती या बाईच्या ठेवीतली. तुकोबांनी आपला वाटा बुडवला; या मंडळींनी कान्होबाचा बुडवला आणि वर सत्कार घेतले. पुढाऱ्याने पाच वर्षांतून एकदा जाहीर केलेल्या माफीतही मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हा वाटा कुणाचा?

आपला वाटा आणि दुसऱ्याचा वाटा यांतली ही रेघ बुद्धानेही सांभाळली होती. भिक्खूजवळ आठच वस्तू: तीन चीवरं, कमरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, पाणी गाळायचं फडकं. सोन्याचांदीला स्पर्श नाही. पण हा नियम संघाला. त्याचा गृहस्थ उपासक अनाथपिंडिक श्रेष्ठी शेवटपर्यंत श्रेष्ठीच राहिला. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करायला उभे राहिले, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की मार्क्सला जे हवं ते हुकूमशाहीवाचून आणता येतं का. त्याचं उत्तर अजून कुठल्याच देशाने पुरतं दिलेलं नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर पुढच्या व्यवस्थेत कारखाना सरकारचा असो, सभासदांचा असो की शेठजींचा, मी फार भांडणार नाही. मी बघेन ते इतकंच की तिथल्या कर्जाला मरण आहे का. दामदुपट सगळ्यांना लागू आहे का? राहतं घर आणि पोटापुरती जमीन वसुलीच्या बाहेर आहे का? दुष्काळाच्या वर्षी देणाराही घेणाऱ्याबरोबर तोटा सोसतो का? आणि सोडून द्यायची रक्कम सोडणाऱ्याच्या खिशातून जाते, की गजापलीकडच्या बाईच्या? या चार रकान्यांत बरोबरची खूण पडली तर त्या व्यवस्थेला काहीही नाव द्या, मी ‘अ’ वर्ग देईन.

एवढं लिहिल्यावर माझी वही उघडायला हवी. २०१३ साली एका मित्राने मुलीच्या लग्नासाठी माझ्याकडून ६० हजार घेतले आणि महसुली तिकीट लावून वचनचिठ्ठी दिली. तीन वर्षांत तिची मुदत सरली, कोर्टात तिची किंमत शून्य. पैसे आले नाहीत. मित्र आता आमच्या गल्लीतून जात नाही, लांबच्या रस्त्याने जातो. गेल्या वर्षी तुकाराम बीजेनंतर देहूला गेलो तेव्हा चिठ्ठी खिशात घेऊन गेलो होतो. तिच्यात कान्होबा नाही, पूर्ण वाटा माझाच. घाटावर बसलो. नदीत जलपर्णी दाटली होती, कागद टाकला असता तरी बुडाला नसता, वरच राहिला असता, असं मी स्वतःला सांगितलं.

चिठ्ठी घरी आहे, कपाटात, वडिलांच्या लाल वहीखाली.