राखण



ऊसतोड सुरू झाली की जुन्नर-आंबेगावात फडांतून बिबट्याची पिल्ले सापडतात. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी आले, पाण्यामागे ऊस आला, उसात बिबट्या आला. साखर आपण सगळेच खातो. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला मात्र शेतकऱ्यालाच जावे लागते. लेकरू गमावलेल्या आईपुढे प्राणिप्रेमाच्या गोष्टी करायला आपली जीभ धजू नये.

पण 2001 ते 2003 या काळात इथले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले, तेव्हा हल्ले थांबले नाहीत. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बाग दिली ती मशागतीसाठी आणि राखण्यासाठी. राखण म्हणजे काय, हे माळ्यावर रात्र जागणाऱ्याला वेगळे सांगायला नको! पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या पत्रात धरतीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले. इथे तो एकाच बांधावरून येतो.

सापडलेली पिल्ले वनखाते क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवते. रात्री मादी येते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. आज विश्वासू जनांच्या प्रार्थनेत मृतांच्या कुटुंबांना आठवू या, आणि शेतीला दिवसा वीज मिळावी या मागणीत शेतकऱ्यांबरोबर उभे राहू या.