द्व्यर्थी विनोदाचे घरात येणे

एखादी कलाकृती ग्राम्य किंवा अश्लील आहे काय, हा प्रश्न मराठी समीक्षेत बहुधा संहितेला उद्देशून विचारला गेला आहे. शब्द कोणता, हावभाव कोणता, वर्णन कोठवर गेले याची तपासणी करावयाची आणि निर्णय द्यावयाचा, अशी ही रीत आहे. न्यायालयांतील चर्चाही मुख्यतः याच मार्गाने गेली. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. अश्लीलतेची कल्पना समकालीन समाजाच्या नैतिक धारणांनुसार बदलते, हेही त्या निकालाने मान्य केले. परंतु 'समाज' येथेही एकसंध मानला गेला. तो कोठे बसला आहे, कोणाच्या शेजारी बसला आहे, हा प्रश्न उपस्थित झाला नाही.

घरगुती चित्रफितीने हा प्रश्न टाळता येणार नाही अशा रीतीने पुढे आणला. चित्रपटगृहात पंचवीस आठवडे चाललेला चित्रपट कॅसेटवर, पुढे व्हीसीडीवर आणि डीव्हीडीवर घरात येतो, तेव्हा त्यातील एक चौकटही बदललेली नसते. तरीही गर्दीत पोट धरून हसलेला माणूस घरात त्याच वाक्याला खाली पाहतो. संहिता तीच असून नैतिक अनुभव बदलत असेल, तर ग्राम्यता केवळ संहितेत नाही, हे ओघानेच आले. ती मग नेमकी कोठे असते, हा येथील प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी दादा कोंडके यांच्या चित्रपटांइतके सोयीचे उदाहरण मराठीत दुसरे नाही. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातून पुढे आलेल्या या नटाने 'सोंगाड्या' (१९७१), 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५) अशी यशाची मालिकाच उभी केली. एका नटाच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केल्याचा त्यांचा विक्रम प्रसिद्ध आहे. या चित्रपटांचे कथानक तसे साधे असते. एक भोळा तरुण, त्याची करारी आये, त्याच्यापेक्षा जगाची अधिक जाण असलेली नायिका आणि दोघांच्या मिलनातील अडथळे. या प्रेमकथेच्या सांगाड्यावर द्व्यर्थी संवादांचे मांस चढविलेले असते, आणि प्रेक्षक येतो तो बहुतांशी त्यासाठीच.

द्व्यर्थी संवादाची रचना तपासली की एक गोष्ट ध्यानात येते. अशा वाक्याचा पहिला अर्थ पूर्णपणे निरुपद्रवी असतो आणि नायक तेवढाच अर्थ बोलतो. लोंबत्या नाडीच्या अर्ध्या चड्डीतील हा गडी कमालीचा निरागस आहे. दुसरा अर्थ पडद्यावर उच्चारला जात नाही, तो श्रोत्याच्या मनात तयार होतो. म्हणजे ज्याला अश्लील म्हणावयाचे त्याचा कर्ता अर्ध्या वाटेवर बदलतो. बोलणारा सुटतो आणि ऐकणारा सापडतो. परीक्षण मंडळाचीही येथे पंचाईत होते, कारण कात्री चालवावी असा शब्द कागदावर नसतोच.

प्राचीन काव्यशास्त्राला ही गुंतागुंत अपरिचित नव्हती. मम्मटाने अश्लीलत्वाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार मानून त्याची गणना दोषांत केली. पण काही प्रसंगी हाच दोष गुण ठरतो, हेही त्याने नोंदविले. प्रणयाच्या आरंभीच्या गोष्टींत द्व्यर्थी पदे शोभतात, आणि विदूषकासारख्या पात्राच्या तोंडी ग्राम्य बोलणे उचित ठरते. दोष शब्दात नसून प्रसंगात, वक्त्यात आणि श्रोत्यात असतो, याची ही स्पष्ट कबुली आहे. व्रीडा हा शब्दही महत्त्वाचा आहे. लाज ही कोणाच्या तरी समोर वाटते. एकांतात तिला फारसे काम नसते.

चित्रपटगृहातील किंवा जत्रेतील तंबूतला प्रेक्षक या लाजेतून कसा सुटतो? अभिनवगुप्ताने म्हटले आहे की सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाली म्हणजे रसाचा परिपोष अधिक होतो. ज्याच्या-त्याच्या खाजगी अस्मितेचे कोपरे तेथे विरतात. पुढे १९०० साली बर्गसाँने हास्यासंबंधी जवळपास हेच वेगळ्या मार्गाने सांगितले: हसण्याला प्रतिध्वनी लागतो, हसणे नेहमी गटाचे असते. द्व्यर्थी वाक्यावर शेकडो माणसे एकदम हसतात तेव्हा दुसरा अर्थ कोणा एकाने केला असे उरत नाही. अपराध वाटला जातो आणि वाटला गेल्यामुळे नाहीसा होतो. अंधारही आपले काम करतो. अनेक तंबूंत स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी असे. तेथे स्त्री हसली तर ती स्त्रियांत हसली, आणि तिचे हसणे तिच्या घरच्या पुरुषाने पाहिले नाही. म्हणजे ही सामूहिकता सर्वांना एकत्र बसविणारी नव्हती. कोणाला कोणापासून दूर बसवावे याचे भान तिच्या रचनेतच होते.

घरगुती चित्रफितीने ही रचना मोडली. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हिडिओचा प्रसार वाढला. भाड्याने आणलेली कॅसेट आता बैठकीच्या खोलीत, दिव्याच्या उजेडात, सासरा, सासू, मुलगा, सून आणि नातवंडे यांच्यासमोर लागू लागली. वाक्य येते आणि कोणीच हसत नाही. प्रत्येकाला दुसरा अर्थ कळलेला असतो आणि प्रत्येक जण तो न कळल्याचा आव आणतो. एखाद्याने घाईघाईने फीत पुढे ढकलली तर तो अधिकच सापडतो. जे ऐकायचे नाही ते ओळखल्याखेरीज टाळता येत नाही, म्हणून बटणावरचे बोट ही कबुलीच असते. पडद्यावरचा नायक खराच भोळा आहे. घरात मात्र सगळे भोळेपणाचे सोंग घेऊन बसतात.

या सोंगाला दांभिकता म्हणून निकालात काढणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. माहीत असूनही न बोलणे हा माणसांनी एकमेकांच्या मर्यादेला दिलेला मानही असू शकतो. बाप आणि मुलगी यांच्यामध्ये काही गोष्टी न उच्चारलेल्या राहाव्यात, यात असत्य असेलच असे नाही. खरा नैतिक प्रश्न पुढेच आहे: हे सोंग सर्वांवर सारखे लादलेले असते काय? निरीक्षण असे की ते तसे नसते. सासरा गालातल्या गालात हसला तर त्याला कोणी काही म्हणत नाही. सुनेने ओठ हलविले तरी तिला हा अर्थ कळतो कसा, अशी शंका खोलीत उभी राहते. जाणण्याचा अधिकार एकाकडे आणि अजाणतेचे ओझे दुसऱ्यावर, अशी ही विभागणी आहे. ग्राम्यतेविषयीची तक्रार जेव्हा 'घरातल्या बायकांसमोर नको' या शब्दांत येते, तेव्हा ती स्त्रियांचे रक्षण करते की पुरुषांचे हसणे साक्षीविना चालू ठेवते, हे विचारणे भाग आहे.

फ्रॉइडने १९०५ मध्ये विनोदाची मीमांसा करताना अशा विनोदाला तीन व्यक्ती लागतात असे दाखविले: सांगणारा, जिच्यावर तो रोखलेला आहे ती स्त्री, आणि ऐकून हसणारा तिसरा. सामान्यजनांत स्त्रीच्या येण्याने असे बोलणे सुरू होते आणि प्रतिष्ठितांत तिच्या येण्याने ते थांबते, असेही त्याचे निरीक्षण आहे. चित्रपटगृहात ही दुसरी व्यक्ती पडद्यावर बंदिस्त असते. घरात मात्र ती शेजारी बसलेली असते, आणि विनोदाचा तिसरा श्रोता होण्याचा तिचाही हक्क तेथे प्रथमच उघडपणे उपस्थित होतो. घरगुती चित्रफितीचे नैतिक महत्त्व येथे आहे. पुरुषमंडळी कामावर गेल्यावर शेजारणी-पाजारणींनी दुपारी लावलेली कॅसेट ही या दृष्टीने किरकोळ घटना नव्हे. कोणी आपल्याला हसताना पाहत नाही, अशा स्थितीत हसण्याची ती संधी होती.

घर हे मुळात निर्मळ होते आणि चित्रफितीने ते विटाळले, ही समजूतही तपासून घ्यावी लागेल. लग्नघरी विहिणीला उद्देशून म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांतील चावटपणा आणि शिमग्याच्या शिव्या यांनी घरादारात असभ्य विनोदाला नेमून दिलेली जागा होती. स्त्रियांचा स्वतःचा वात्रटपणाही तेथे होता. फरक इतकाच की त्याला प्रसंग होता, ऋतू होता, आणि कोणी कोणाला म्हणावयाचे याचे नाते ठरलेले होते. कॅसेटला प्रसंग नसतो. शिमगा संपला की बोंबही संपते. फीत मात्र श्रावणातही लावता येते आणि पाहिजे त्या वाक्याला मागे नेता येते. तिने घरात ग्राम्यता आणली नाही, पण प्रसंगापासून सुटलेली ग्राम्यता आणली.

लोकसंस्कृतीचे काही अभ्यासक येथे बाख्तिनचा आधार घेऊन म्हणतील की उत्सवी हास्य हे सत्तेला खाली ओढणारे असते आणि दिवाणखान्यात आणून मध्यमवर्गाने त्याचा दात काढून घेतला. या म्हणण्यात तथ्य आहे. 'पांडू हवालदार'मध्ये गणवेशाची जी फजिती होते तिला गर्दीचे हास्यच धार देते. एकट्या-दुकट्याच्या खोलीत ती फजिती नुसता विदूषकी चाळा वाटू शकते. तथापि गर्दीची एकघनता स्वभावतःच निष्पाप असते, असे मानता येणार नाही. शिमग्याची बोंब नेहमी पाटलाच्याच दारात मारली गेली असे नाही. पुष्कळदा ती अशा दारात मारली गेली जेथून उलट उत्तर येण्याची शक्यता नव्हती. गर्दीचे हास्य सत्तेला खाली ओढते, तसेच ते दुर्बलाला आणखी खाली दाबते. दोन्ही वेळा त्याचा आवाज मात्र सारखाच येतो.

हा आवाज काढून घेतला म्हणजे विनोदाची दिशा दिसू लागते, आणि याच अर्थाने घरगुती आवृत्ती ही एक कठोर परीक्षा ठरते. 'सोंगाड्या'तील नाम्या तमासगीर कलावतीच्या नादी लागतो, आयेच्या रोषाला पात्र होऊन घराबाहेर पडतो आणि त्या स्त्रीच्याच आश्रयाला जातो. येथे हसू त्याच्या अजाणतेचे आहे. स्त्री त्याच्यापेक्षा शहाणी आहे, आणि तमाशातील गवळणीप्रमाणे तिला उत्तर देता येते. पडद्यावर आये आहे आणि तिचा धाकही आहे. म्हणून घरातील आई शेजारी असतानाही हा चित्रपट बव्हंशी सोसतो. नंतरच्या काळात, विशेषतः 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) सारख्या हिंदी चित्रपटांत, द्व्यर्थ शीर्षकापासूनच सुरू होतो. भोळेपणा केवळ सबब म्हणून उरतो, आणि प्रेक्षकाशी डोळा मारून केलेल्या करारात पडद्यावरील स्त्रीला फारसा वाटा राहत नाही. गर्दीत हा फरक हशात बुडून गेला असेल. शांत खोलीत तो लपत नाही. तेथे वाटणारी लाज ही केवळ लैंगिक उल्लेखाची नसते. कोणाला तरी हिशेबात न धरता हसलो, याची ती लाज असते.

मग अशा चित्रपटांची 'कौटुंबिक' काटछाट करून आवृत्ती काढावी काय? तसे करणे चुकीचे ठरेल. कात्री दुसरा अर्थ काढू शकत नाही, ती पहिलाच अर्थ काढून टाकते आणि मागे केवळ संशय ठेवते. शिवाय या फितींनी आणि तबकड्यांनी एका लोकप्रिय परंपरेचा मोठा भाग घरोघरी पोचविला आहे. तो अखंड असावा, हे अभ्यासाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. कायद्यालाही आपली मर्यादा कळलेली दिसते. १९८३ पासून असलेल्या 'यूए' या वर्गाचे २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षे असे उपवर्ग केले, परंतु ते पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत. थिएटरच्या दारावरचा माणूस 'प्रौढांसाठी'च्या खेळाला पोराला अडवीत असे. घराच्या दारावर तसा माणूस नसतो. तेथे निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो, आणि तो बहुधा घरातील सर्वांत बलवान व्यक्ती घेते.

म्हणूनच घरगुती आवृत्तीच्या समीक्षेने चित्राची स्वच्छता आणि ध्वनीची स्पष्टता नोंदवून थांबू नये, आणि 'सहकुटुंब पाहण्याजोगे' असा शिक्काही मारू नये. तिने विचारावे: या विनोदात ज्याच्यावर हसले जाते त्याला उत्तर देण्याची जागा आहे काय, आणि तो शेजारी बसला असता त्यालाही हसता आले असते काय? आज हातातल्या फोनवर, कानात यंत्र घालून, माणूस हेच चित्रपट एकटा पाहतो. त्याला सोंग घेण्याची गरज उरली नाही आणि साक्षीदारही उरला नाही. व्रीडेचा प्रश्न त्यामुळे सुटल्यासारखा वाटतो, परंतु तो सुटलेला नाही. ज्याच्यासमोर लाजावे तो माणूस खोलीतून गेला, एवढेच झाले आहे. तो खोलीत आहे असे धरून हसता येणे ही या विनोदाची कसोटी आहे, आणि हसणाऱ्याचीही.