शंभरांतला कितवा?

निकालाच्या दिवसांत आपल्या घरांत एक शब्द आता चांगलाच रुळला आहे: पर्सेंटाइल. मराठीत त्याला 'शततमक' म्हणतात. २०१९ पासून जेईई मेनचा निकाल याच मापाने लागतो. महाराष्ट्राची सीईटीही त्याच वाटेने गेली. शब्द रुळला, अर्थ मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला, असे मला वाटते.

शततमक म्हणजे टक्के नव्हेत. ८० शततमक म्हणजे शंभरांतली ऐंशी उत्तरे बरोबर, असे नाही. परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांत ऐंशी त्याच्या बरोबरीची किंवा मागे आहेत, इतकेच. तो काय शिकला याविषयी हा आकडा अवाक्षर काढीत नाही. उद्या सगळीच मुले दुप्पट शिकली, तरी निम्मी पन्नासाच्या खालीच दिसतील! शिवाय मधल्या गर्दीत दोन-चार गुणांनी मूल कितीतरी पायऱ्या वर-खाली होते, आणि आपण त्यावर घर डोक्यावर घेतो.

त्यातही तुलना कोणाशी, हे पाहावे लागते. १९८७ साली जॉन कॅनेल या अमेरिकन डॉक्टराला आढळले, की तिथली पन्नासही राज्ये आपली प्राथमिक शाळांतली मुले राष्ट्रीय सरासरीच्या वर असल्याचे सांगत आहेत. सगळेच सरासरीच्या वर कसे? एक कारण असे, की त्यांची तुलना चालली होती काही वर्षांपूर्वी तपासलेल्या मुलांशी. मोजपट्टी जुनी झाली, म्हणून उंची वाढल्यासारखी दिसली.

मग क्रम लावणेच अन्यायाचे का? मला तसे वाटत नाही. जागा शंभर आणि उमेदवार हजार असले, की कोणीतरी पुढे, कोणीतरी मागे राहणारच. अन्याय सुरू होतो तो निवडीचे माप आपण मुलाच्या योग्यतेचे माप मानतो तेव्हा. रांगेतली जागा रांग ठरवते. समज मुलाची स्वतःची असते. शिक्षकाने आणि आईबापांनी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: काल न येणारे त्याला आज येते का?

या दिवाळीत फराळाला आलेले पाहुणे 'किती मिळाले?' असे विचारतीलच. तेव्हा आकडा जरूर सांगावा. पण त्याच दमात मुलाला यंदा नवे काय येऊ लागले, तेही सांगावे. ते ऐकायला मूल दाराआड उभे असते.