सीमा आणि जीवन

‘निसर्गातच भेद आहेत, साध्या पेशीलाही आवरण असते. मग समाजाने आपली कवाडे मिटून घेतली तर बिघडले कोठे?’ असा युक्तिवाद केला, तर तो वरवर शास्त्रशुद्ध भासतो. म्हणूनच तो शास्त्राच्याच कसोटीस लावून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाच्या कापातील पेशींचे वर्णन १६६५ साली प्रसिद्ध केले. त्याला दिसल्या त्या मृत पेशींच्या रित्या भिंती. त्यांतील जीवन केव्हाच लोपले होते. आपल्या देहातील जिवंत पेशींत सामान्यतः केंद्रक असते, भोवती पेशीद्रव असतो व त्यात ऊर्जा सिद्ध करणाऱ्या तंतुकणिका असतात. या सर्वांस वेढणारे पटल मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही पातळ असते. स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर आणि त्यात बसविलेली प्रथिने, अशी त्याची घडण आहे.

हे पटल म्हणजे तट नव्हे. प्राणवायू त्यातून सहज आत येतो आणि कर्बवायू बाहेर पडतो. पाणीही ये-जा करते. मनुका भिजत घातल्या की फुगतात आणि कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हा त्याचाच घरगुती प्रत्यय होय. साखर व क्षार यांना मात्र प्रथिनांच्या द्वारांतूनच वाट मिळते. काही द्वारे तर ओघाविरुद्ध काम करतात. येन्स स्कोऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ साली ज्याचा शोध प्रसिद्ध केला, तो पंप सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो व पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यासाठी पेशीस अखंड ऊर्जा वेचावी लागते. तो थांबला तर ती पाण्याने फुगून नष्ट होते.

सीमा आवश्यक आहे, हे यावरून निर्विवाद ठरते. परंतु ती कशासाठी? पटकीच्या रोगात आतड्यांतून क्षार व पाणी वाहून जाते. अशा वेळीही एक द्वार शाबूत राहते: ते साखर व सोडियम यांना जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी येते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले, ते याच द्वाराच्या बळावर. जे द्वार शाबूत होते, त्यानेच तारले.

तेव्हा पेशीचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. पटल नकार देते, हे खरे. पण आलेला कण कोणत्या कुळातला, हे ते विचारीत नाही. सोवळे राखण्यासाठी सर्व द्वारे मिटणारी पेशी स्वतःच्याच मलाने गुदमरेल. तिची मर्यादा देवघेवीसाठी आहे.

तथापि येथेच थांबणे आम्हांस मान्य नाही. पेशी अशी वागते म्हणून मनुष्यानेही तसेच वागावे, हा निष्कर्ष मुळातच सदोष आहे. पेशी काही ठरवीत नाही. तिची द्वारे रेणूंच्या घडणीनुसार उघडतात व मिटतात. मनुष्य ठरवतो, आणि म्हणूनच तो उत्तरदायी असतो. ‘निसर्गाने असेच केले’ ही सबब पेशीला शोभेल, आपणांस नव्हे. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले झाले. तो निर्णय माणसांचा होता. त्यापूर्वीची बंदीही माणसांचीच होती.

देवालयाला शिस्त हवी, शुचिता हवी, उंबरठाही हवा. मात्र प्रत्येक नियमापाशी थांबून आपण स्वतःस विचारावे, की हा उंबरठा आतील भक्तीचे रक्षण करतो की केवळ आपल्या अभिमानाचे? या प्रश्नाचे उत्तर कोणताही सूक्ष्मदर्शक देणार नाही. ते आपल्या सदसद्विवेकानेच द्यावयाचे आहे.