नीरेच्या उलट दिशेने

आज मनाने एका खोऱ्यात जायचे आहे. पाठ ताठ ठेवा, खांदे सैल सोडा, हात मांडीवर येऊ द्या. पुढे कधी सायकल घेऊन प्रत्यक्ष जाल, तेव्हा हेच मनन हँडलवर हात ठेवूनही करता येईल. वाट पुणे जिल्ह्यातल्या भोर गावातून निघते, नीरा नदीच्या उलट दिशेने हिरडस मावळातून जाते आणि वरंधा घाटाच्या माथ्यावर पोचते. वाचताना मध्ये मध्ये थांबा. थांबणे हा या प्रवासाचाच भाग आहे.

सुरुवातीला फक्त नदी ओळखू या. नीरा भोर तालुक्यातच, सह्याद्रीच्या कड्यालगत शिरगावाजवळ उगम पावते. तिथून पूर्वेला वाहत ती इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. तुम्ही निघाला आहात पश्चिमेला. ती उतरत येते आहे, तुम्ही चढत जाता आहात. तेव्हा किती किलोमीटर झाले हा हिशेब सध्या बाजूला ठेवा आणि मनाशी एकच प्रश्न धरा : पाणी आत्ता माझ्या कोणत्या हाताला आहे? प्रत्येक मोरीवर पायडल मारणे थांबवा आणि खाली बघा. हा ओढा कोणत्या डोंगरावरून आला? पुढे कुठे नदीला मिळेल? उत्तर लगेच मिळायला हवे असे नाही. तो प्रश्न मनात ठेवून पुढे चला.

आता चढाकडे लक्ष द्या. सुरुवातीला तो डोळ्यांना दिसत नाही, पण मांड्यांना कळतो. रस्ता सपाट वाटतो आणि तरीही पाय जड होतात. असे झाले की समजा, खोरे तुम्हाला हळूहळू वर उचलते आहे. याचे कारण जमिनीच्या घडणीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांतून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पुढे या पठाराची पश्चिमेची बाजू तुटक्या कड्यांची झाली आणि पूर्वेची बाजू मंद उताराची. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, मुठा या नद्यांनी त्या मंद उतारावर आपापली खोरी कोरली. म्हणून मावळातला रस्ता नदीच्या सोबतीने बराच काळ सौम्यपणे चढतो आणि शेवटी अचानक कड्यापाशी येऊन उभा राहतो. सायकलस्वाराला याहून चांगला गुरू कुठे मिळेल? खोरे आधी पाय तयार करून घेते आणि मगच घाट दाखवते.

खालचा गिअर घ्या. पाय जोराने दाबण्यापेक्षा हलके आणि एका लयीत फिरू द्या. शेजारी कोणी असते तर त्याच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले असते, इतका श्वास शिल्लक ठेवा. वाक्य तुटायला लागले तर वेग कमी करा. सायकल आणि सामान धरून नव्वद किलो वजन शंभर मीटर उंच न्यायला शरीर साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोकॅलरी खर्च करते. म्हणजे एका भाकरीत तेवढी चढण सहज बसते. चाकांचे आणि वाऱ्याचे घर्षण वेगळे, तरीही मोठे वाटणारे डोंगर माणसाच्या आवाक्यात असतात, एवढे यातून नक्की कळते. फक्त ती ऊर्जा सावकाश खर्च करायला शिकावे लागते. एक श्वास आत, एक बाहेर. पुढच्या वळणाकडे बघू नका. आत्ता चाकाखाली असलेला रस्ता पुरेसा आहे.

थोड्या वेळाने खोरे रुंदावते आणि पाणी पसरलेले दिसते. हे नीरा-देवघर धरण. इथे उतरा, सायकल स्टँडवर लावा आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहा. हे पाणी कालव्यांनी खाली खंडाळा, फलटण, माळशिरसच्या दुष्काळी पट्ट्याकडे जाण्यासाठी अडवलेले आहे. शेजारच्या वेळवंड खोऱ्यातले भाटघर धरण तर १९२८ मध्ये पूर्ण झाले, आणि त्याचे पाणीही नीरेच्याच कालव्यांतून दूरच्या उसाला, ज्वारीला मिळते. त्या भाटघरच्या जलाशयात कांबरेश्वराचे जुने देऊळ आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते, पावसाळ्यात पुन्हा बुडते.

आता दोन गोष्टी मनात एकत्र धरा. खालच्या गावांच्या ताटातली भाकरी या पाण्यामुळे आहे. आणि याच पाण्याखाली इथल्या गावांची भातखाचरे, उंबरठे आणि देव गेले. यातली एक गोष्ट धरून दुसरी सोडून देऊ नका. तहान लागली असेल तर बाटलीतले पाणी प्या आणि पिताना ते कुठून आले असेल याचा विचार करा. खोऱ्यातून जाणाऱ्या माणसावर एवढे देणे तरी असतेच.

पुन्हा सायकलवर बसा. पावसाळा नुकताच संपला आहे असे समजा. खाचरांतले भात पिवळे पडू लागले आहे, वरच्या उतारांवर नाचणी आणि वरई उभी आहे, कडेला सोनकीची पिवळी फुले आहेत. कारवीची झाडी दाट दिसते. ती सात-आठ वर्षांतून एकदाच सगळी मिळून फुलते, म्हणून एरवी तिची नुसती पाने बघूनही समाधान मानायला शिकावे. बांधावरून कोणी विचारेल, "कुठनं आला? कुठवर जाणार?" ब्रेक लावा, पाय जमिनीवर टेकवा आणि नीट उत्तर द्या. मोटारीतून जाणाऱ्याला हे कोणी विचारत नाही, कारण त्याच्या कानावर ते पडणारच नाही. सायकलचा वेग माणसाच्या आवाजाला पोचू देतो.

हाच मावळ बांदल देशमुखांचा. बाजीप्रभू देशपांड्यांचे सिंद गाव याच परिसरात. १६६० च्या जुलै महिन्यात, ऐन पावसात, घोडखिंडीत शत्रूला अडवून धरणारे लोक या चढउतारांवर वाढलेले होते. तुमच्या मांड्या दुखत असतील तर त्या दुखण्याला या जमिनीची ओळख समजा. इतिहासाच्या पुस्तकात ही ओळख होत नाही.

हळूहळू गावे विरळ होतात, झाडी जवळ येते. आता कानांना काम द्या. आधी साखळीचा आवाज ऐका. मग टायरखालची खडी. मग वारा. मग लांबून येणारे पाणी किंवा पाखरू. एकेक आवाज ओळखा आणि सोडून द्या. मनात घरची कामे आली तर तीही अशीच येऊ द्या, जाऊ द्या. त्यांच्याशी भांडू नका, लक्ष पुन्हा साखळीवर आणा.

शिरगाव येते. ज्या नदीच्या रुंद पाण्याकडे तुम्ही मघाशी बघत होता, ती इथे अगदी लहान असते. तिच्यापाशी काही क्षण शांत राहा. वाटेतल्या प्रत्येक मोरीखालचा ओढा तिच्यात भर घालत गेला, म्हणून ती खाली मोठी दिसली.

मग घाटाचा माथा. समोर जमीन संपल्यासारखी वाटते आणि खोल खाली कोकण उघडते. शिवथरघळ त्या उतारावरच्या झाडीत आहे, पुढे महाडचे सखल मैदान. इथे जलविभाजक आहे. पावसाची एक सर या कड्यावर आली तर तिचे पश्चिमेचे थेंब सावित्रीत जातात आणि साठेक किलोमीटरवरच्या अरबी समुद्राला मिळतात. पूर्वेचे थेंब नीरेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि हजारांहून अधिक किलोमीटर चालून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात. फरक पडतो हातभर जागेचा. डोळे मिटा आणि आपल्या आयुष्यातले असे जलविभाजक आठवा. एखादी भेट, एखादा नकार, शेजारच्या बाकावर बसलेला मित्र. तेव्हा ती जागा लहानच वाटली होती. कुठला उतार चांगला हे ठरवू नका. दोन्हीकडचे पाणी समुद्रालाच जाते.

आता परतीचा उतार. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आलटून पालटून दाबा. वळणाआधी वेग कमी करा, वळणात नको. येताना चढ ज्या लक्षाने केला, तेच लक्ष उतारालाही द्या. काम झाले असे वाटले की लक्ष सुटते, आणि तेव्हाच अपघात होऊ शकतो.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांना काही गोष्टी मनापासून सांगतो. जून ते सप्टेंबरमध्ये वरंधा घाटात दरडी कोसळतात. प्रशासनाने रस्ता बंद केला असेल तर जाऊ नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगला काळ, तोही शनिवार-रविवार सोडून. या रस्त्याच्या रुंदीकरणाची कामे गेल्या काही वर्षांत हाती घेतली गेली आहेत, त्यामुळे निवांतपणा हवा असेल तर वेळवंड खोऱ्यातले भाटघरच्या काठाने जाणारे गावरस्ते किंवा आंबवड्याकडून रायरेश्वराच्या पायथ्याशी कोर्ल्याला जाणारी वाट धरा. चहा-नाश्ता गावातल्या टपरीवरच घ्या, कचरा सोबत परत आणा, आणि गाणी लावायचा स्पीकर घरी ठेवा. खोऱ्यातली शांतता तिथे राहणाऱ्यांची आहे, आपण तिचे पाहुणे आहोत.

हे खोरे तुमच्यापासून लांब असेल तर तुमच्या गावाजवळची नदी निवडा. तिच्या काठाचा सर्वांत लहान रस्ता शोधा आणि एका सकाळी तिच्या उलट दिशेने निघा. उगमापर्यंत पोचला नाहीत तरी हरकत नाही. पण आपण पितो ते पाणी कोणत्या डोंगरावरून येते, हे प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या पायांनी शिकले पाहिजे.