तिकीट तपासनिसासमोर



मुंबईच्या उपनगरी गाडीत पास कालच संपलेला असतो, किंवा द्वितीय श्रेणीच्या तिकिटावर आपण प्रथम श्रेणीच्या डब्यात चढलेलो असतो. तपासनीस समोर येतो आणि वाद सुरू होतो. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १३८ प्रमाणे भाड्याखेरीज किमान २५० रुपये जादा आकार द्यावा लागतो. आपला पास वैध असेल आणि तरीही दंड लावला, तर अवश्य वाद घाला. पास दाखवा, पावती मागा, वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा. अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे सबर नव्हे.

परंतु आपलीच चूक आहे हे ठाऊक असताना ‘रांग मोठी होती’, ‘यंत्र बंद होते’ असे रचून सांगितले व तपासनिसाने सोडून दिले, तर? उम्मुल मोमिनीन उम्मे सलमा (रजि.) यांची एक रिवायत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. वादी-प्रतिवादींपैकी एखादा अधिक वाक्पटू असू शकतो आणि ऐकलेल्यावरून निवाडा त्याच्या बाजूने होऊ शकतो; मात्र त्यातून दुसऱ्याचा हक्क पदरात पडला तर तो आगीचा तुकडा होय, असे प्रेषितांनी (स.) बजावले. निवाडा खुद्द प्रेषितांचा (स.) असूनही हराम ते हलाल होत नाही! मग तपासनिसाच्या माफीने ते कसे होईल?

काही जण पावतीविना शंभराची नोट पुढे करतात आणि त्याला ‘मिटवणे’ म्हणतात. शरीयतमध्ये तिचे नाव रिश्वत. देणारा व घेणारा, दोघांवरही प्रेषितांनी (स.) लानत केली आहे.

मौलाना अशरफ अली थानवी (१८६३-१९४३) यांच्याविषयी सांगतात की, रेल्वेने जाताना ते जादा सामानाचे वजन करून भाडे भरू लागले. कर्मचारी म्हणाला, राहू द्या, मी गार्डला सांगतो. गार्ड कुठवर येईल, असे मौलानांनी विचारले. शेवटच्या स्थानकापर्यंत, असे उत्तर आले. त्यावर ते म्हणाले की, माझा प्रवास त्याच्याही पुढे, आखिरतपर्यंत आहे.

‘सरकारचेच तर पैसे!’ ही सबब सर्वांत घातक. एका माणसाचे देणे त्याच्याकडून माफ करून घेता येते. सार्वजनिक मालाचे मालक कोट्यवधी, माफी कोणाकोणाकडे मागणार? म्हणून उलेमा एक सोपा मार्ग सांगतात: पूर्वी बुडवलेल्या भाड्याचा अंदाज घ्यावा, तेवढ्या किमतीची तिकिटे खिडकीवर काढावीत आणि प्रवास न करता ती फाडून टाकावीत. रक्कम रेल्वेच्या तिजोरीत पोहोचते.